चावायला कायतरी दे

आमच्या माणदेशात वैशाखात कोणी गळ्याला मफलर गुंडाळत नाही. म्हसवडच्या पुढे आमचं गाव, आणि त्या दिवसांत तिथे पत्र्यावर पापड भाजून निघेल असं ऊन असतं. पण व्हिडिओ कॉलवर आण्णांच्या गळ्याला लोकरी मफलर होता. मी विचारलं तर म्हणाले, "यष्टीत वारं लागलं रं. आवाज बसलाय." मी जपानमध्ये होतो, यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, तीन वर्षांच्या करारावर. दीड वर्ष झालं होतं. मफलरचं कारण मला खरं वाटलं नाही, पण मी ते खरं मानून घेतलं. त्यावाचून मला दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं नसतं.

पुढचे दोन महिने फोनवर आईच बोलायची. आण्णा झोपलेत, आण्णा देवळात गेलेत, आण्णा रानात. मग एक दिवस ती म्हणाली, "तू ये. त्यास्नी नाकातनं नळी घातलीया." घशाचा कॅन्सर होता. किरणोपचार संपत आले होते आणि मला काहीच माहीत नव्हतं. कारखान्यात माझ्या जागी माणूस मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. मी सांगलीत उतरलो तेव्हा उपचार संपले होते. किरणं घ्यायला रोज सकाळी आईनं एकटीनं त्यांना रिक्षात बसवून नेलं होतं.

सांगलीत आईनं एक खोली भाड्यानं घेतली होती, दवाखान्याजवळ, एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरामागे. मालक जैन, मालकीणबाई स्वभावानं फार चांगल्या, पण खोली देतानाच त्यांनी सांगितलं होतं की इथं अंडं, मटण, कांदा, लसूण काही शिजणार नाही. आई म्हणाली होती, "आवं, आमचं मानूस खातंयच कुटं?"

आण्णा पलटणीत लांगरी होते. लंगर म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर, आणि तिथला आचारी तो लांगरी. बावीस वर्षं त्यांनी शेकडो जवानांची जेवणं केली. बर्फात, वाळवंटात, तंबूत, चालत्या ट्रकमध्येसुद्धा. निवृत्त होऊन आल्यावर गावात कुठलंही लग्न असो, आमटीची शेवटची चव आण्णा घ्यायचे. पळीतली आमटी तळहातावर घ्यायची, चाटायची, आणि बोट वर करायचं. त्यानंतर पंगत बसायची.

मी खोलीत शिरलो तेव्हा आई त्या माणसाला इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं नळीतून डाळीचं पाणी घालत होती. ते पाणी नळीतून खाली जाताना आण्णा बघत होते. चेहरा निम्मा झाला होता. गळ्याची कातडी करपल्यासारखी काळी. मला बघून त्यांनी हात वर केला आणि नुसत्या हवेच्या आवाजात म्हणाले, "आलास व्हय?"

मी पाया पडलो. रडायचं नाही असं विमानातच ठरवलं होतं. रडलो नाही.

दर दोन तासांनी नळी. ताक, पेज, डाळीचं पाणी, दुधात कालवलेली पावडर. एकदा मी सिरिंज धरली होती तेव्हा ते म्हणाले, "पोटाला मिळतंय रं. मला मिळत न्हाई."

दवाखान्यात गिळायचे व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं की आता थोडं थोडं तोंडानं सुरू करायचं. पाणी अजिबात नाही, कारण पातळ पदार्थ चुकून श्वासनलिकेत उतरतो. घट्ट दही, मऊ घोटलेला भात, असं चमचाभर. हनुवटी छातीला टेकवून गिळायचं. जमलं तर महिन्याभरात नळी काढू, नाही जमलं तर पोटाला भोक पाडून कायमची नळी.

जमेना. लाळ आटली होती. घोटलेला भात टाळूला चिकटून बसायचा, मग त्यातली चार शितं भलतीकडे जायची आणि खोकल्याची उबळ यायची. आईनं भाकरी दुधात कुस्करून दिली, ती वाळूसारखी लागते म्हणाले. शिरा दिला, थुंकला. "पत्रा चाटल्यावानी लागतंय समदं." दही तर बघितलं की मान फिरवायचे. एके दिवशी सकाळी मी औषधं आणायला गेलो होतो, आई कपडे वाळत घालत होती, आणि आण्णांनी नळी हातानं ओढून काढली. मी आलो तेव्हा ती त्यांच्या मुठीत होती आणि नाकातून रक्त ओघळत होतं.

पुन्हा घालायला नेलं. दोन वॉर्डबॉय आणि मी, तिघांनी त्यांचे हात धरले. नळी आत जाताना त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. लहानपणी त्यांनी मला एकदाच मारलं होतं, तेव्हा बहुतेक मी त्यांच्याकडे असं बघितलं असेन.

खोलीवर आल्यावर दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई बोलली तरी वळले नाहीत, मी बोललो तरी नाही. तिसऱ्या दिवशी आई ताकाचं भांडं घेऊन आली तेव्हा म्हणाले, "पातळ बघूनच वकारी येतीया मला. चावायला कायतरी दे. एकदा चावून खातो, मग मेलो तरी चालंल." आई भांडं तसंच घेऊन बाहेर गेली. ती बाहेर पायरीवर बसून पदरानं तोंड दाबून रडत होती आणि मी आत उभा होतो.

मग मला कारखान्याच्या वसतिगृहातली वाटी आठवली.

तिथे माझ्या शेजारच्या मशीनवर एक म्हातारा कामगार होता. त्यानं मला पहिल्या हिवाळ्यात ती शिकवली. जपानी लोकांच्या नूडल्स म्हटलं की वाडगाभर रस्सा असतो असं मला वाटायचं. ही तशी नव्हती. वाटीच्या तळाशी सोया सॉस, तेल, थोडं व्हिनेगर, चिमूटभर साखर. नूडल्स उकळायच्या, पाणी पार निथळून काढायचं, गरम गरम वाटीत टाकायच्या आणि तळापासून वर असं कालवत राहायचं, प्रत्येक धाग्याला तेलाचं बोट लागेपर्यंत. वर कच्च्या अंड्याचा पिवळा बलक. रस्सा नाही, थेंबभरही नाही. पाच-सात मिनिटांत होतं. पाळी संपवून आलो की मी तेच खायचो. त्या नूडल्स घशातून नुसत्या घसरत जायच्या.

घसरत जायच्या, हेच माझ्या डोक्यात बसलं. चिकटणार नाहीत, शितं सुटणार नाहीत, पातळ काही नाही, आणि चावायला आहेत.

मॅडमना विचारायला हवं होतं. दवाखाना चालत पाच मिनिटांवर होता. मी विचारलं नाही. त्या नाही म्हणतील हे मला ठाऊक होतं म्हणून विचारलं नाही. हे मी आज कबूल करतो.

बाजारात गेलो. सांगलीत आता सगळं मिळतं, सोया सॉस मिळाला, चायनीज गाड्यांवर वापरतात त्या लांब नूडल्सची पाकिटं मिळाली. भाजलेल्या तिळाचं तेल मात्र नव्हतं, घाण्याचं कच्चं होतं. ते घेतलं आणि पांढरे तीळही घेतले.

पहिल्यांदा केल्या त्या पार लगदा झाल्या. मीच कचऱ्यात टाकल्या. दुसऱ्यांदा पाणी उकळायला ठेवलं तेव्हा आण्णांनी कूस बदलली.

"काय करतूयास?"

"जपानी नूडल्स, आण्णा. तिकडं मी रोज खायचो. रस्सा नसतो त्याला."

"नाव काय?"

"माझेसोबा."

ते म्हणाले, "तुझं मागनं खा. माझं आण आदी."

आई हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा ती हसली. मी सांगितलं की जपानीत त्याचा अर्थ कालवलेलं असा होतो. पण आण्णांना त्या अर्थाशी काही घेणं नव्हतं. ते कोपरावर उठून बसायला बघत होते. आईनं पाठीला उशी दिली.

"पान्यात सोडा टाक," ते म्हणाले. "खायाचा. चिमटीभर. मैदा ताठ ऱ्हातो. आन् पानी लय घे, कंजुषी करू नगं."

मी टाकला. पाण्याला फेस आला, पिवळसर झालं.

"तीळ भाज. काळं करू नगंस. तडतडाय लागलं की उतर."

तीळ भाजले, खलबत्त्यात कुटले, गरम तेलात टाकले. खोलीभर वास सुटला. तिळाच्या वासानं मालकीणबाई दारात डोकावल्या, काय चाललंय बघून गेल्या. अंडं नव्हतंच. तिखट, व्हिनेगर झोंबलं असतं म्हणून ते नाही. सोया सॉस अगदी अर्धा चमचा, गुळाचा खडा.

"अंडं घालतात यात," मी म्हणालो, "पण इथं चालत न्हाई."

"मग लोनी घाल की. लांगरी कवा अडतो व्हय?"

मालकीणबाईंकडे घरचं लोणी होतं. आई जाऊन वाटीत लिंबाएवढा गोळा घेऊन आली. मी नूडल्स निथळल्या, वाटीत टाकल्या, लोणी टाकलं, तळापासून कालवल्या. आण्णांची नजर माझ्या हातावर होती. "खालनं घे. अजून. तळाला ऱ्हायलंय बघ." इतकं ते गेल्या तीन महिन्यांत बोलले नव्हते असं आई नंतर म्हणाली.

दुपारचे साडेबारा-एक झाले असतील. मी नूडल्स कात्रीनं बोटाएवढ्या कापल्या. दोन धागे चमच्यात घेऊन त्यांच्या तोंडात दिले. त्यांनी डोळे मिटले. चावले. किती तरी वेळ चावत राहिले. जबडा हलताना कानाजवळचं हाड वरखाली होत होतं, तेवढंच मला दिसत होतं. मग हनुवटी छातीला टेकवली आणि गिळलं.

आम्ही दोघं खोकल्याची वाट बघत होतो. खोकला आला नाही.

"तीळ कळला," ते म्हणाले. "तीळ कळला मला."

आई पायाशी बसली होती. तिनं त्यांचा पाय घट्ट धरला.

त्यांनी नऊ घास खाल्ले. मी मोजत होतो. प्रत्येक घासाला मला वाटत होतं की नळी निघाली, आपण गावी गेलो, आण्णा पुन्हा लग्नात आमटी चाखायला उभे राहिले. नवव्या घासाला त्यांना उबळ आली. मोठी. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं. मी पाठ चोळली. दोन-तीन मिनिटांत थांबली. ते उशीवर टेकले आणि धापा टाकत म्हणाले, "बास. उद्या परत."

दुसऱ्या दिवशी परत नाही. अंगात कणकण होती. तिसऱ्या दिवशी ताप एकशे तीन, आणि श्वास घेताना छातीत घरघर. रिक्षात घालून नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्यावर धरला आणि विचारलं, "छातीत अन्न उतरलंय. तोंडानं काय दिलं होतं?"

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी आई म्हणाली, "मी भात दिला, सायेब. नुसता मोकळा भात. त्यांनी लय हट्ट केला."

डॉक्टर तिच्यावर चिडले. रागावण्यासारखंच होतं. इतक्यांदा सांगितलं, तुम्हाला कळत कसं नाही, माणूस जाईल ना अशानं. आई मान खाली घालून ऐकत होती. मी तिच्याशेजारी उभा होतो. जपानला जाऊन आलेला, शिकलेला मुलगा. मी एक शब्द बोललो नाही. खाटेवर आण्णांच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता, पण ते जागे होते आणि सगळं ऐकत होते. त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि डोळे मिटून घेतले.

अकरा दिवस दवाखान्यात काढले. ते वाचले. पण पोटाला नळी बसली आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की तोंडानं काहीही द्यायचं नाही. आजारही पूर्ण गेलेला नव्हता. आम्ही सामान बांधून गावी आलो. निघताना मालकीणबाईंनी आईला लोण्याचा डबा दिला. आईनं तो घेतला आणि गाडीत बसल्यावर मांडीवर धरून बसली.

गावात आण्णा ओसरीवर खाटेवर असायचे. आल्यावर आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. "ते कर की रं. तिळाचं."

मी नाही म्हणालो.

"दोन घास. मी सावकाश खातो."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय आण्णा."

चार दिवसांनी पुन्हा म्हणाले. मग आठवड्यानं. मी दर वेळी कागद पुढे करायचो. एकदा तर खरंच फाइलमधून कागद काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांना वाचायला चष्मा लागायचा, तो मी दिला नाही.

आई एकदा चुलीजवळ मला हळूच म्हणाली, "दे की एक घास. काय हुईल जास्तीत जास्त?"

"तुला माहीत नाही काय होईल?" मी तिच्यावर ओरडलो. "दवाखान्यात तू बघितलं नाहीस? मी मारू त्यांना?"

ती म्हणाली, "बरं, बरं. नगं." आणि चुलीत लाकूड सारलं. ओसरीवर आण्णांना ऐकू गेलं असणारच. त्यानंतर त्यांनी मागितलं नाही. शेवटच्या दोन महिन्यांत एकदाही नाही. मला बरं वाटलं, हेही कबूल करायला हवं. मागत नाहीत म्हणून मला बरं वाटायचं.

ते एका दुपारी गेले, आई पोटाच्या नळीतून ताक घालत असताना. अर्धी सिरिंज तिच्या हातातच होती.

जपानचा करार अर्धवटच राहिला. मी परत गेलो नाही. म्हसवडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर बसतो. आईशी मी त्या भाताबद्दल बराच काळ बोललो नाही. शेवटी एकदा विचारलं, तू खोटं का बोललीस.

ती ज्वारी निवडत होती. "तू नुकताच आला हुतास," ती म्हणाली. "आल्या आल्या तुझ्या डोक्यावर बापाचं पाप कशाला? मला काय, मी म्हातारी. मला कोन इचारतंय?"

"पण ते पाप माझंच होतं."

"पाप कसलं रं त्यात," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

ते मला सहन होईना. एक दिवस सुट्टी काढून, आईला सांगून मी सांगलीला गेलो. ओपीडीत दोन तास रांगेत बसलो, केस पेपरवर स्वतःचं नाव घातलं, आणि डॉक्टरांसमोर जाऊन सगळं सांगितलं. भात नव्हता, नूडल्स होत्या, मी दिल्या होत्या, आई खोटं बोलली, मी गप्प बसलो. डॉक्टरांना आधी पेशंट आठवेना. मग आठवले. "ते फौजी? लांगरी?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. थकलेले दिसत होते. बाहेर पन्नासेक माणसं बसली होती. "हे बघा," ते म्हणाले, "त्यांची थुंकीसुद्धा छातीत उतरत होती. रोज. झोपेत. तुमच्या नूडल्सनी झालं, की थुंकीनं झालं, कोणी सांगू शकत नाही. आज ना उद्या न्यूमोनिया होणारच होता. तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका."

मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि परत वळलो. "मग घरी गेल्यावर ते मागत होते. पहिले दोन महिने. दोन घास द्या म्हणत होते. तेव्हा दिलं असतं तर?"

डॉक्टरांनी टेबलावरचा चष्मा उचलला. खोटं बोलावं की नाही, याचा विचार करत असावेत. ते बोलले नाहीत खोटं.

"तेव्हा येऊन विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "त्या टप्प्यावर आम्ही घरच्यांना सांगतो, मनाला वाटेल तो घास द्या. आता काय जपायचं राहिलेलं असतं?"

पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. मी बाहेर आलो. एसटी स्टँडवर म्हसवडची गाडी लागली होती, ती सोडली. मागून विट्याची आली, तीही सोडली. बाकावर बसून राहिलो. पहिल्या वेळी विचारलं नाही कारण मला द्यायचं होतं, दुसऱ्या वेळी विचारलं नाही कारण मला द्यायचं नव्हतं. दोन्ही वेळा मी त्यांच्यासाठी करतोय असं समजत होतो.

संध्याकाळी घरी पोचलो. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "भेटलं डॉक्टर?"

"भेटले."

"काय म्हनलं?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "तुझी काय चूक नव्हती म्हणाले."